अण्णांचं अँटी-अ‍ॅक्सिडेंट

कागलच्या माळावरचे आमचे शेजारी सदूअण्णा कोंबड्यांना औषध पाजण्याआधी स्वतः पेलाभर प्यायचे. जीभ टाळ्याला लावून "झ्याक हाय!" असा निकाल द्यायचे आणि मगच ते शेडमधल्या भांड्यांत ओतायचे.

औषध म्हणजे काय, तर उन्हाळ्यात कोंबडी तगावी म्हणून पाण्यात कालवायची जीवनसत्त्वांची पूड. दुकानदारानं सांगितलं, हे अँटिऑक्सिडंट आहे. अण्णांचं घर हायवेला लागून, उलटलेले ट्रक बघण्यात हयात गेलेली. त्यांनी ऐकलं, अँटी-अ‍ॅक्सिडेंट!

"अण्णा, ऑक्सिडंट!" मी ओरडायचो.

"त्येच की! चालतीबोलती कोंबडी ऊन लागून पटकन मरती, ह्यो अ‍ॅक्सिडेंटच न्हवं का?"

आता बोला! एकदा तर चहाला थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरलाही त्यांनी ते पाजलं. "जावा पावणं, बिनघोर जावा!"

एका मे महिन्यात मात्र भर दुपारी वीज गेली. पंखे थांबले, पत्रा तापला आणि शेडभर कोंबड्या चोची वासून, पंख फाकवून धापा टाकू लागल्या. अण्णांची हाक आली, "पळा ओ! माझी लेकरं जात्यात!"

मी धावलो. पत्र्यावर ओली पोती टाकली, भांड्यांत गार पाणी भरलं, पूड ढवळली. अण्णा एकेकीला अलगद उठवत होते. "ऊठ गं बाई, दोन घोट घे. घे की गं!" ऊन कललं तशी एकीनं चोच बुडवली, मग तिच्या शेजारणीनं, आणि बघता बघता सगळ्या शेडमध्ये कलकलाट सुरू झाला! "वाचल्या!" म्हणत अण्णा नाचले. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात त्याच कोंबड्या न्यायला व्यापाऱ्याची गाडी आली. धंदाच तो. गाडी गेली आणि अण्णा आमच्या कट्ट्यावर येऊन बसले.

"आता नवी पिल्लं येस्तवर बोलायचं कुणासंगं?"

"आम्ही मेलो का अण्णा?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. रिकाम्या शेडकडे बघत ते हळूच म्हणाले, "आमची शेवंता बी दिवसभर बडबडायची. मीच म्हणायचो, गप बस की जरा."