दोर या विषयावर सात मिनिटं

जगातली बहुतेक संकटं बोलता न आल्यामुळे येतात, असं बोलता येणाऱ्यांचं म्हणणं आहे. (न येणाऱ्यांचं मत नोंदलं गेलेलं नाही.)

एका सातमजली कार्यालयातल्या लिफ्टच्या मिस्त्रीला ते पटलं होतं. लिफ्टच्या पोलादी दोरातल्या अकरा तारा तुटल्या होत्या आणि त्याला ते चारचौघांत सांगता येत नव्हतं. लेखी अहवाल त्याने तीनदा दिला. व्यवस्थापक म्हणाले, "मिस्त्री, कागद काय देताय? लिफ्ट बंद ठेवायचं बैठकीत ठरतं. तिथे उभे राहून चार शब्द बोला की!"

मिस्त्री बैठकीत उभा राहिला, 'अं' म्हणाला, खाली बसला. (इतिवृत्तात 'मिस्त्रींनी अनुमोदन दिले' अशी नोंद आहे.)

म्हणून त्याने वक्तृत्व मंडळात नाव घातलं.

"अहो, दोर तुटायला आलाय, एवढंच तर सांगायचंय," बायको म्हणाली. "त्याला मंडळ कशाला? जिन्यात उभं राहून बोंबला!"

पण बोंबलण्यात आत्मविश्वास दिसत नाही, असं मंडळाच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं.

मंडळ त्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर भरे. सभासद लिफ्टने येत, मिस्त्री जिन्याने. काम शिस्तीचं होतं. एक सभासद घड्याळ लावी, एक वक्त्याचे 'अं' मोजी, एक हातवारे टिपून घेई. मुद्दे टिपायला कुणी नसे. मुद्द्यांना गुण नव्हते. पहिल्या दिवशी मिस्त्रीचे 'अं' एकेचाळीस भरले. दुसऱ्या महिन्यात नऊ, तिसऱ्यात शून्य. (याच काळात तुटक्या तारा अकराच्या एकोणीस झाल्या. दोन्ही आकडे वेळच्या वेळी फळ्यावर लिहिले जात.)

शेवटच्या सत्रात तो दोरावर बोलला. "आत माणसं असतील. घरी कुणीतरी वाट बघत असेल. आणि दोर... तुटेल. आजच लिफ्ट बंद करा!"

एका निवृत्त बाईंनी डोळे टिपले. परीक्षक म्हणाले, "काय तो 'तुटेल'च्या आधीचा थांबा! काटा आला हो अंगावर." ढाल मिस्त्रीला मिळाली. मग सगळे लिफ्टमध्ये शिरले.

"या की मिस्त्री! सरकून घेतो आम्ही."

मासिक बैठकीत त्याने तेच भाषण केलं. व्यवस्थापक उभे राहून टाळ्या वाजवत होते. "बघा! तीन महिन्यांपूर्वी या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता!" भाषण ध्वनिमुद्रित करून कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेसाठी लिफ्टमध्ये लावावं, असा ठराव एकमताने झाला.

"साहेब, अहो, दोर! खरंच तुटतोय!" मिस्त्री ओरडला.

"हे जरा घाईत झालं," व्यवस्थापक प्रेमाने म्हणाले.

आता लोक भाषण पूर्ण ऐकता यावं म्हणून एक फेरी जादा मारतात. तुटक्या तारा चोवीस आहेत. हा वृत्तांत वाचणाऱ्यांचे अभिप्रायही उत्तम आहेत: भाषा सोपी, उपरोध बेताचा, लांबी योग्य. इमारत कोणती, हे मात्र तुमच्यासकट अजून एकानेही विचारलेलं नाही.