पानं वाढली का?

एका जंगलात, मुलांनो, सगळं जागच्या जागी होतं. म्हणून तिथं कुणी काही मोजत नसे.

पण कारभारी कोल्हा परदेशी जंगलात जाऊन आला आणि येताना एक शब्द घेऊन आला. डेटाबेस! झालं. कुणाची शेपटी किती लांब, कुणाचं कुणाशी वाकडं, माकडानं आज किती उड्या मारल्या, सगळं पळसाच्या पानांवर लिहून एका गुहेत रचायचं ठरलं.

शेजारच्याच गुहेत केरबा अस्वल राहायचं. गरीब बिचारं! जंगलातल्या प्रत्येक जेवणावळीत वाढपी म्हणून त्यालाच बोलावणं. त्याच्या गुहेतली एक भिंत आजोबांनी पाठ घासून घासून गुळगुळीत केलेली होती. तिला पाठ घासल्याशिवाय केरबाला झोप यायची नाही. त्या भिंतीवर त्याचा भारी जीव.

एक दिवस सिंहमहाराजांनी त्याला बोलावलं.

"केरबा, कोल्ह्याची गुहा भरली तर शेजारची घ्यावी लागेल."

केरबानं कान टवकारले. "शेजारची? म्हणजे माझी?"

"तुझीच. म्हणून सांगतो, रोज पानं वाढली का, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव."

"एवढंच ना महाराज? पानं वाढण्यात तर माझा जन्म गेला!"

महाराज खूश झाले. जाणकार माणूस मिळाला, असं त्यांना वाटलं. माणूस नाही रे, अस्वल. हसू नका.

केरबा कोल्ह्याच्या गुहेत शिरला आणि कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा! पानांची ही चळत, आणि एकावरही शितसुद्धा नाही? एक पान कोरडं राहिलं तरी आपली भिंत गेली!

त्यानं ओळीनं पानं मांडली. डावीकडे मीठ, चटणी. मधोमध भाताची मूद, वर वरण. मग बाहेर येऊन त्यानं सांबर, भेकरं, ससे, सगळ्यांना हाका मारल्या. "बसा बसा! लाजू नका! आणखी थोडा भात घ्या, माझी शपथ आहे!"

पाहुणे जेवले. आता जेवण झालं की पानं उचलायची असतात. पण पाहुणे पडले पालाखाऊ. त्यांनी पानासकट जेवण उरकलं आणि ढेकर देत निघून गेले.

संध्याकाळी महाराजांनी विचारलं, "काय केरबा, पानं वाढली?"

"सगळी वाढली महाराज!"

"सगळी? एका दिवसात?"

"एक कोरडं ठेवलं नाही!"

महाराज घाबरून धावत गुहेपाशी आले. बघतात तर गुहा रिकामी!

"कोल्ह्या! साठा कुठंय?"

कोल्हा आत डोकावला. त्याला घाम फुटला, पण कारभारीच तो. म्हणाला, "महाराज, वाढ आटोक्यात आली! फक्त एक सुधारणा हवी. यापुढं प्रत्येक पानाची एक नक्कल दुसऱ्या गुहेत ठेवू. हे संपलं तर ते असावं."

"उत्तम! शेजारची गुहा रिकामी करा."

केरबा मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. त्याची पथारी उंबराखाली आली. भिंतीला पानांच्या चळती टेकल्या.

महाराजांना त्याची दया आली. "रडू नको. तुझी नोकरी कायम. आता दोन्ही गुहांतली पानं वाढली का, ते बघ."

केरबानं डोळे पुसले.

"बघतो महाराज. पण आता तांदूळ दुप्पट लागतील."

तात्पर्य : मुलांनो, सांगितलेलं काम कळलं नाही, तर चुकूनही विचारू नये. विचारणारे जन्मभर पानं मोजत बसतात. न विचारणाऱ्यांमुळेच कारभारात सुधारणा होतात.