मिठाचा हात

मोठ्या बाईंच्या हाताला मिठाचे माप आहे, ही गोष्ट त्या घरात वादाच्या पलीकडची होती. सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर 'खारट झालंय' असे म्हणण्याची वेळ कोणावर आली नव्हती. त्यामुळे आठ दिवस परगावी निघालेला मुलगा खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीविषयी सूचना देऊ लागला, तेव्हा त्यांनी त्या मान देऊन ऐकल्या; मनावर मात्र घेतल्या नाहीत.

"आई, पाण्याची वाफ होते, पण मीठ टाकीतच राहतं. म्हणून जेवढं कमी होईल तेवढं या निळ्या कॅनमधलं गोडं पाणी घालायचं. पांढऱ्या कॅनमध्ये खारं आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि हा खारटपणा दाखवणारा काटा हिरव्या पट्टीत राहिला पाहिजे."

"चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकलाय मी. दोन माशांचं काय घेऊन बसलास?"

"ते दोन मासे इथं रुळायला दोन वर्षं लागली, आई. जपशील ना?"

"जपते. नीघ आता, गाडी चुकेल."

मुलगा आणि सून गेल्यावर बाईंनी विचार केला. खाऱ्या टाकीत रोज गोडे पाणी ओतत राहिले, तर चव राहणार कशी? त्यांनी निळा कॅन बाजूला सारला आणि तीन दिवस पांढऱ्या कॅनमधलेच पाणी घातले. तिसऱ्या दिवशी शहानिशा करावी म्हणून टाकीत बोट बुडवून जिभेला लावले.

"जरा अळणीच आहे."

यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "समुद्राचं पाणी? अळणी?"

"तुम्हाला कळतं का त्यातलं काही? चहाचं भांडं कुठं असतं ते तरी ठाऊक आहे का?"

"नाही बुवा," म्हणून यजमानांनी पान उलटले.

बाईंनी टाकीशेजारच्या समुद्री मिठाच्या डब्यातून चार मुठी घेतल्या आणि टाकीत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा हिरवी पट्टी ओलांडून लाल पट्टीत जाऊन बसला होता. दोन्ही नारिंगी मासे दगडाच्या मागे तोंडे लपवून बसले होते. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. एकतीस वर्षे मुख्याध्यापिका असताना ज्या आवाजाने अख्खी शाळा चिडीचूप होत असे, त्या आवाजात त्या काट्याला म्हणाल्या, "खाली ये!" काटा शाळेत गेलेला नसावा. तो जागचा हलला नाही.

अखेर त्यांनी शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"काकू, खारं काढायचं आणि तेवढंच गोडं घालायचं. गोडं म्हणजे साधं पाणी हं! परवा एकानं साखर घातली, म्हणून सांगतो."

"मला साखर शिकवू नका. सोमवारी मुलगा येतोय. आज संध्याकाळपर्यंत उतरेल का?"

"अजिबात नको! एका दिवसात उतरवलंत तर मासे दगावतील. चार दिवस लावा. थोडं थोडं."

'थोडं थोडं' हा प्रकार बाईंच्या स्वभावात नव्हता. मासे चार दिवस त्या खारटपणात काढणार कसे, या काळजीने त्यांनी बादली आणली आणि अर्धी टाकी उपसण्यासाठी पदर खोचला.

"थांब!"

बाई खरोखरच थांबल्या. सत्तेचाळीस वर्षांत हा शब्द त्यांनी यजमानांच्या तोंडून प्रथमच ऐकला होता.

यजमानांनी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली. "एकदम नाही. दोन मग काढायचे, दोन घालायचे. कडेकडेनं. मग जरा थांबायचं. आणि पाणी गार नको, गार घातलं की लगेच कळतं."

"कोणाला?"

यजमान क्षणभर घुटमळले. "माशांना."

चार दिवस हा कार्यक्रम चालला. यजमान दोन मग काढीत, दोन घालीत, काटा पाहत आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसत. ना एक थेंब सांडला, ना माशांना धक्का लागला. ती सफाई बाई नजर रोखून पाहत होत्या. कुठेतरी पाणी मुरत होते.

रविवारी संध्याकाळी काटा हिरव्या पट्टीत आला आणि दोन्ही मासे दगडामागून बाहेर पडून डौलाने फिरू लागले. बाईंचा जीव भांड्यात, म्हणजे टाकीत, पडला. मग त्या वळल्या.

"हे कुठं शिकलात?"

"स्वयंपाकघरात."

"तुम्ही?"

"रोज जेवणाआधी मी आत पाणी प्यायला जातो ना..."

"जाता. मग?"

"ते मी पीत नव्हतो गं. दोन पळ्या रस्सा काढायचो आणि दोन पळ्या गरम पाणी घालायचो."

बाई टाकीच्या काचेला टेकल्या. "रोज?"

"रोज कुठं! तू माहेरी जायचीस तेव्हा नाही."

"तरीच! करताना मिठाला चोख लागणारा रस्सा पानात आला की मला अळणी का लागायचा... आणि हे कधी बोलला नाहीत ते?"

"काय बोलायचं? बाकी सगळं तू इतकं छान करायचीस. मीठ तेवढं मी बघून घ्यायचो."

सोमवारी मुलगा पिशव्या हातात घेऊनच टाकीपाशी धावला. काटा हिरव्या पट्टीच्या बरोबर मधोमध होता.

"वा आई! तुझ्या हाताला माप आहे ते खोटं नाही!"

यजमान वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. बाईंनी मुलाची शाबासकी ताठ मानेने स्वीकारली. बाहेरच्या लोकांसमोर कबुली देण्याची त्यांची पद्धत नव्हती, आणि या बाबतीत पोटचा मुलगाही बाहेरचाच होता.

जेवणाची वेळ झाली. बाईंनी रस्सा चाखला, क्षणभर विचार केला, पातेल्याशेजारी पळी आणि गरम पाण्याचे भांडे मांडले आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात हाक मारली.

"अहो, पाणी प्यायला या! आज दोन पळ्या जास्त प्यावं लागेल."