स्फोटकांचा अनुभव : होय

अर्ज नीट वाचता येणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात एकच आहे आणि तो सध्या वसमतच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो, असे डॉ. रत्नपाल खिल्लारे यांचे मत होते. ते त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. परंतु इतरांनी भरलेल्या अर्जांकडे ते ज्या नजरेने पाहत, त्या नजरेत ते स्वच्छ वाचता येई.

त्यामुळे परदेशातल्या परिषदेचे निमंत्रण आले, तेव्हा व्हिसा ही त्यांच्या लेखी औपचारिकता होती. खरा प्रश्न प्राध्यापक हॅलम यांचा होता. हळदीचा कंद जमिनीतल्या बुरशीमुळे सडतो, हे हॅलमसाहेबांनी तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते आणि जग ते निमूटपणे मानत आले होते. कूज जमिनीत नसते, झाडाखाली रचलेल्या बेण्याच्या ढिगातच सुरू होते, हे रत्नपालांनी कुरुंद्याच्या शिवारात अकरा वर्षे खपून सिद्ध केले होते. ते सांगायला अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजता, हॅलमसाहेबांच्या समोर, त्यांना वीस मिनिटे मिळाली होती. अकरा वर्षांची वीस मिनिटे.

अर्जाला विशिष्ट मापाचा फोटो लागत होता, एवढ्याच कारणासाठी ते हिंगोलीत, फोटो काढून अर्जही भरून देणाऱ्या कुलदीपच्या दुकानात गेले. पासपोर्ट, पीकविमा, जातपडताळणी असे चारशेच्या वर अर्ज कुलदीपच्या हातून पार पडले होते आणि त्यातला एकही त्याने वाचलेला नव्हता.

“सर, हे शेवटचं पान लई सोपं हाय,” कुलदीप म्हणाला. “वीस प्रश्न. समद्याला न्हाई करायचं.”

“प्रश्न वाचलेस?”

“वाचायचे कशाला? तुमी खून केला का? न्हाई. कुणाला पळवून नेलं का? न्हाई. पुसेगावच्या हरीशचं असंच केलं, तो पोचला बी.”

सरांनी पडद्यावर बोट ठेवले. “आणि हा? स्फोटके अथवा जैविक पदार्थ हाताळण्याचा अनुभव आहे काय?”

“न्हाई.”

“मी अकरा वर्षे बुरशी वाढवतो आहे, कुलदीप.”

“ते हळदीचं. ते ह्याच्यात येत न्हाई.”

“आणि आमच्या विहिरीला सुरुंग लावले तेव्हा मी तिथे होतो. एकोणीस वर्षांचा होतो.”

कुलदीपने उंदराच्या आकाराचे ते यंत्र हातातून खाली ठेवले. “सर, आपल्याकडं हिरीवर कोण नव्हतं? समदे व्हय म्हणले तं इमान रिकामं उडंल.”

“सत्याला गर्दीची अडचण नसते,” सर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ‘होय’वर खूण केली.

‘होय’ म्हणताच खाली एक चौकट उघडली : खुलासा करा. सरांनी चौदाशे शब्दांचा खुलासा लिहिला. चौकट दोनशे अक्षरांच्या पुढे एक टिंबसुद्धा घेईना. मग तीन तास काटछाट झाली. काटछाट ही विद्वत्तेची खरी कसोटी, असे सर विद्यार्थ्यांना नेहमी सांगत. शेवटी चौकटीत जे मावले, त्याचा मराठी आशय असा होता : ‘तरुणपणी घरी वडिलांसोबत स्फोटकांचा अनुभव. सध्या पिके नष्ट करणाऱ्या बुरशीची पैदास. परिषदेत सर्वांसमोर प्रात्यक्षिक.’

“एकही विधान खोटे नाही,” सर समाधानाने म्हणाले.

“तेच तं,” कुलदीप म्हणाला.

मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी ती चौकट दोनदा वाचली.

“तुम्ही वडिलांसोबत काम करता?”

“ते आता थकले. सध्या एकटाच करतो.”

“पिके खरोखर नष्ट होतात?”

“नव्वद टक्के,” सर म्हणाले. “पूर्वी साठच होत.” प्रयोगांतले हे आकडे त्यांच्या आयुष्याची कमाई होते.

बाईंनी अत्यंत सौजन्याने एक रंगीत चिठ्ठी पुढे सरकवली. अर्ज नामंजूर नव्हता, मंजूरही नव्हता. सुरक्षेच्या दृष्टीने जादा तपासणी होणार होती. किती दिवस, हे सांगता येत नव्हते. कोण करणार, हे सांगायचे नव्हते.

पाठोपाठ नवी प्रश्नावली आली. पंधरा वर्षांतले सर्व पत्ते, सर्व प्रवास, सर्व फोन नंबर. सरांनी बासष्ट पाने पाठवली. त्यांत एकशे अठरा तळटिपा होत्या आणि त्यांतली एक वेरूळच्या सहलीची बस नेमकी कुठे बंद पडली याविषयी होती. नंतर ते रोज सकाळी चहाच्या आधी संकेतस्थळ उघडू लागले. तेथे एकच वाक्य असे : तपासणी चालू आहे.

संताप त्यांना आलाच होता. परंतु त्यांचा संताप रांजणातल्या पाण्यासारखा, गार आणि स्थिर. त्याच्या तळाशी कुतूहल होते. कोण वाचत असेल ही बासष्ट पाने? त्यांच्या प्रबंधाला दोन परीक्षक होते आणि दोघांनीही तो उघडला नव्हता. हा अज्ञात गृहस्थ मात्र वेरूळच्या बसपर्यंत पोचला असणार. आयुष्यात प्रथमच आपल्याला ओळ न् ओळ वाचणारा वाचक लाभला आहे, या विचाराने एका सकाळी त्यांना जवळजवळ बरे वाटले.

गावाला मात्र बरे वाटेना. कुरुंद्याने त्यांना आधीच निरोप दिला होता. शाल झाली, नारळ झाला, भाषणे झाली, आणि स्टँडवर त्यांचा फोटो व त्याच्या दुप्पट विमान असलेला फलक लागला. निरोप घेतलेला माणूस गावात दिसणे हा गावाचा अपमान असतो.

“सर, तुमी अजून हितंच?” शेजारचे शेषराव रोज विचारत. “काहून?”

“तपासणी चालू आहे.”

“आमची शाल वाया गेली म्हणा की.”

सर कालव्याच्या बाजूने कॉलेजला जाऊ लागले. इकडे उन्हाने फलकावरचा त्यांचा चेहरा विटत चालला; विमान मात्र ताजे राहिले.

बारा तारखेला पत्नी ज्योतींनी विषय सासऱ्यांपुढे काढला. सोनाजी ओट्यावर बसून बेणे निवडत होते.

“बाबा, ह्यांचं हिरीच्या सुरुंगापायी अडकलं.”

“कंच्या हिरीच्या?”

“आपल्याच. ह्यांनी लिवून दिलं ना, सुरुंगाचा अनुभव हाय म्हणून.”

सोनाजींनी हातातला कंद खाली ठेवला. “कुणाला हाय?”

“मला,” रत्नपाल म्हणाले. “दोन हजार तीनची गोष्ट. मी तिथेच होतो, बाबा.”

“व्हतास की. शेषरावच्या बांधावर, बोरीमागं. म्या खाली पहारीनं भोकं पाडून राहिलो, वात म्याच लावली, अन् तू कानात बोटं घालून डोळे मिटून उभा. दगूड उडाला तं बोरीतच घुसलास. तुझ्या आईनं सांजपस्तोर काटे काढले.”

ज्योतींनी पदर तोंडाला लावला. कुंपणापलीकडून शेषराव म्हणाले, “मी साक्षीला येतो.”

डॉ. खिल्लारे वडिलांशेजारी बसून बेणे निवडू लागले. सुरुंगापुरते तरी, चारशे अर्ज न वाचता भरणाऱ्या माणसाचे उत्तर बरोबर होते आणि आपले चूक, हे पचवायला वेळ लागतो. स्फोटकांचा अनुभव त्यांना नव्हता, बोरीचा होता. ज्याला ते इतके दिवस सत्यनिष्ठा म्हणत होते, ती निव्वळ बढाई होती.

येथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. सरांनी दुरुस्ती पाठवली. सोनाजींचे प्रतिज्ञापत्र, शेषरावांची साक्ष, विहीर, बांध व बोर यांचा अंतरासह नकाशा, आणि वर एक निवेदन : पूर्वी दिलेली माहिती चुकीची होती, स्फोटके वडील एकटेच हाताळत, मी लपून असे.

“हे पाठवू नका,” कुलदीप म्हणाला. नकाशा मोठ्या कागदावर होता, म्हणून तो काढायला सर त्याच्याकडेच आले होते. “सर, हात जोडतो. तिकडचा माणूस म्हणंल, आधी एक बोलला, आता दुसरंच बोलून राहिला.”

“म्हणूनच नकाशा जोडला आहे,” सर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संकेतस्थळावरचे वाक्य बदलले. सरांनी चहा बाजूला ठेवून ते वाचले. नवी माहिती प्राप्त झाली आहे. तपासणी पुन्हा सुरुवातीपासून करण्यात येत आहे. वडिलांचे पूर्ण नाव कळवावे.

अठरा तारीख आली. सकाळी अकराला सरांनी वर्गात पहिल्या वर्षाला शेवाळ शिकवले. वीस मिनिटे ते थांबून थांबून बोलले आणि दोनदा घड्याळाकडे पाहिले. त्या दिवशी ते कालव्याच्या बाजूने गेले नाहीत. स्टँडवरून, फलकाखालून चालत घरी गेले. शेषरावांनीही काही विचारले नाही.

आठवड्याने प्राध्यापक हॅलम यांचे पत्र आले. रत्नपालांची जागा रिकामी राहिल्याने त्यांचा निबंध खुद्द हॅलमसाहेबांनीच उभे राहून वाचला होता. वाचता वाचता आपली तीस वर्षे चुकली असावीत, अशी शंका आपल्याला आली, असे त्या प्रांजळ म्हाताऱ्याने लिहिले होते. तो बेण्याचा ढीग प्रत्यक्ष पाहायला त्यांना कुरुंद्याला यायचे होते. फक्त एक अडचण होती. भारताच्या व्हिसाच्या अर्जात शेवटी काही प्रश्न आहेत. मीही जन्मभर बुरशीच हाताळली, तर काय लिहावे?

सर पत्र घेऊन थेट हिंगोलीला गेले. कुलदीपने ते वाचले नाही, नुसते विचारले, “शेवटचं पान?”

“हो.”

“समदं न्हाई.”

सरांनी तिथेच बसून उत्तर लिहिले. आयुष्यातले त्यांचे हे पहिले एका ओळीचे पत्र : सर्व प्रश्नांना ‘नाही’ लिहावे.

“तळटीप?” कुलदीपने विचारले.

“नको.”

घरी धांदल उडाली. सोनाजींनी ढिगावरचा पाला बदलला. शेषरावांनी स्टँडवरचा फलक उतरवला. विमान उलटे लावले की ते येणारे दिसेल, असा त्यांचा हिशेब होता. गावाला शाल पुन्हा काढण्याची संधी मिळाली होती. ज्योतींनी पाहुण्याला झेपेल असा कमी तिखटाचा ठेचा करून पाहिला. सोनाजी म्हणाले, हा तर रोग्याचा.

चौथ्या दिवशी हॅलमसाहेबांचे उत्तर आले. रत्नपालांनी ते उभ्यानेच वाचले. आपल्या सल्ल्याबद्दल मनःपूर्वक आभार, असे त्यात होते. परंतु सत्याशी तडजोड करणे माझ्या स्वभावात नाही. मी ‘होय’ लिहिले असून सोबत अकरा पानांचा खुलासा वकिलातीला टपालाने पाठवला आहे. लष्करातल्या माझ्या तरुणपणाविषयीची तळटीप त्यांना विशेष उद्बोधक वाटेल, अशी खात्री आहे.

रत्नपालांनी पत्राची घडी केली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“ज्योती, पाहुण्यांचं राहू दे,” ते म्हणाले. “विद्वान निघाले.”