ठकीचा समग्र आहार आराखडा

भिंगारमधल्या आमच्या गल्लीत राहणारे श्री. मार्तंडराव यांच्या ठकी नावाच्या मांजरीला तीन जून रोजी सकाळी दोन शिंका आल्या. तिसरी येईल म्हणून मार्तंडराव पाऊण तास घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसले. ती आली नाही. तेव्हा त्यांना जास्तच काळजी वाटू लागली.

मार्तंडरावांनी चौतीस वर्षं लष्कराच्या एका भांडारात कारकुनी केली. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो आणि आता शेजारच्या घरात आहे, म्हणजे माझी सुटका नाही. माणूस मात्र प्रेमळ. मुलगी देवश्री नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून त्यांचा सगळा जीव ठकीत अडकलेला. फक्त प्रेमसुद्धा त्यांना कागदावर घेतल्याशिवाय करता येत नाही, एवढीच काय ती खोड.

शिंकांची बातमी पुण्याला गेली आणि देवश्रीने एक नंबर पाठवला. धवल नावाचा तरुण, समग्र मार्जार पोषण सल्लागार. पूर्वी गाड्यांचा विमा विकायचा म्हणे. त्याने मोबाईलवर ठकीचे डोळे आणि शेपूट पाहून निदान केलं, ‘हिचा पिंड कोरडा आहे, मन अशांत आहे आणि तुमचा फ्रिज चुकीच्या दिशेला आहे.’ संध्याकाळपर्यंत सतरा पानी आराखडा आला. सकाळी वाफवलेला लाल भोपळा, दुपारी जवसाची पूड घातलेलं मुगाचं कढण, रात्री तुळशीचं पाणी आणि मंद बासरी. अकराव्या पानावर लिहिलं होतं, ‘मांजर प्राणायाम करण्यास असमर्थ असल्यास पालकाने तिच्या वतीने रोज सायंकाळी पाच ते सहा डोळे मिटून तो करावा.’

“पाहिलंत? चक्क मुखत्यारपत्राची सोय आहे!” मार्तंडराव मला म्हणाले. “याला म्हणतात नियोजन.”

दर सोमवारी ठकीला पिशवीत बसवून ताणकाट्याला टांगायचं, वजन तक्त्यात भरायचं आणि त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्यायची, असा नियम होता. त्रयस्थ म्हणजे मी. मी लगेच कबूल झालो, कारण वजनानंतर त्यांच्या पत्नी लीनावहिनी थालीपीठ आणि लोणी देतात. तत्त्वं मलाही आहेत हो, पण ते थालीपीठ फार खमंग असतं.

पहिल्या सोमवारी ठकी तीन किलो आठशे ग्रॅमवरून तीन किलो चारशेवर आली. धवलचं उत्तर आलं, ‘अभिनंदन, विषद्रव्यं बाहेर पडत आहेत.’ दुसऱ्या सोमवारी ती तीनवर आली.

“फारच विषारी होती बघा,” मार्तंडराव म्हणाले.

त्याच आठवड्यात ठकीने न्हाणीघरात उंदीर पकडला. मार्तंडरावांनी तो तिच्या तोंडातून काढून घेतला आणि रीतसर पंचनामा केला. ‘अनधिकृत प्रथिने, नग एक.’ उंदराच्या भीतीची ऊर्जा मांजरात उतरते, असं धवलने कळवलं. उंदीर जिवंत आहे हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा माझी सही चालू होती आणि तो कागदावरूनच निघून गेला. ठकी त्याच्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, ती नजर मला बघवेना.

तिसऱ्या सोमवारी दोन किलो सहाशे. बरगड्या मोजता येत होत्या. लीनावहिनींचा संयम सुटला.

“अहो, मांजर आहे ती! भोपळ्यावर कुठली मांजर जगलीय? दूधभाकरी तरी द्या, नाहीतर मी देते.”

“लीना, मंजूर आराखड्यात बदल करायचा अधिकार आपल्याला नाही,” मार्तंडराव म्हणाले. म्हणाले खरं, पण ठकीच्या पाठीवरून फिरणारा हात हाडाशी येऊन थबकत होता. मांजर जाते की काय, या धास्तीने त्या रात्री ते जेवले नाहीत. वाया नको म्हणून ठकीने सोडलेला भोपळा तेवढा रोजच्यासारखा खाल्ला.

आणि चौथ्या सोमवारी चमत्कार झाला. तीन किलो! पाचव्याला साडेतीन, सहाव्याला चार किलो दोनशे. मार्तंडराव लहान मुलासारखे रडले आणि गल्लीभर पेढे वाटले.

खरं कारण फक्त मला माहीत होतं. रोज पाच वाजता मार्तंडराव गच्चीवर डोळे मिटून ठकीच्या वतीने श्वास घेऊ लागले, की ठकी मागच्या भिंतीवरून छबूबाईंकडे जायची. छबूबाई बाजारात सुकट-बोंबील विकतात. मी बोललो का नाही म्हणता? एक तर मांजर जगत होती. आणि थालीपीठाचं मी आधी सांगितलंच आहे.

‘संपूर्ण शाकाहारी, संपूर्ण संतुलित मांजर’ पाहायला धवल स्वतः भिंगारला आला. अंगणात मांडव, ठकीचं पोस्टर, शाल, नारळ, गल्लीतली पन्नास माणसं. आणि सत्काराची वेळ ठेवली होती सायंकाळी पाच. घ्या आता!

सव्वापाच वाजले तरी सत्कारमूर्तींचा पत्ता नाही. एवढ्यात छबूबाई आल्या, काखेत ठकी, ठकीच्या तोंडात बोंबलाचं शेपूट.

“आवं साहेब, ही तुमची बया घ्या. रोज पाचच्या ठोक्याला येती, वाटीभर सुकट खाती नि जाती. आज उठंनाच. मला काय ठावं, हितं कार्येक्रम हाय!”

मार्तंडरावांनी ठकीला घ्यायला हात पुढे केले. तिने त्यांचा वास घेतला, भोपळ्याचाच असणार, आणि तोंड छबूबाईंच्या पदरात खुपसलं.

“छबूबाई, किती दिवस चाललंय हे?”

“म्हैना हुत आला की. लई वाळली हुती वो. मला बगवंना.”

मार्तंडरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटलं, आता हा माणूस सतरा पानं टराटरा फाडणार. त्यांनी ठकीकडे पाहिलं, पोस्टरकडे पाहिलं, आराखड्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पेन काढलं. ‘सदर मांजर आराखड्याशी सुसंगत नसल्याने तिला आराखड्यातून कमी करण्यात येत आहे. आराखडा पूर्ववत चालू राहील.’

धवलही काही कमी नव्हता. सहा आठवडे ठकीचा भोपळा खाऊन आणि तिचा प्राणायाम करून मार्तंडरावांचं वजन नऊ किलोंनी उतरलंय, हे तक्त्याच्या समासातल्या नोंदींवरून त्याच्या तेवढ्यात लक्षात आलं. शाल त्यांच्या खांद्यावर पडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ठकी आता छबूबाईंकडेच असते. मार्तंडराव रोज त्यांच्या पायरीवर जाऊन बसतात, वासामुळे नाकाला रुमाल लावून तिच्या पाठीवर हात फिरवतात आणि घरी येऊन कढण पितात. तिला परत आणा, असं लीनावहिनी दोनदा म्हणाल्या. “मग आराखड्याचं काय?” असं मार्तंडरावांनी विचारलं. गल्लीतली बावीस घरं आता धवलकडे नोंदली आहेत. त्यांत मिळून मांजरी तीन, आणि तिन्ही छबूबाईंकडे.

ही गोष्ट मी ज्याला सांगतो तो पोट धरधरून हसतो. ‘काय एकेक येडपट असतात!’ म्हणतो. मग निघताना दारात घुटमळतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज बारीक करून विचारतो, ‘पण नऊ किलो खरंच उतरले का हो?’ तुम्हीही मघापासून तेच विचारायला बघताय. अहो, लाजता कशाला? घ्या लिहून धवलचा नंबर, नऊपासून सुरू होतो.