डाळिंबी ठिपके

नेलपॉलिशची बाटली अर्धी झाली होती, आणि बायकोनं ती गेल्या चार महिन्यांत उघडली नव्हती.

रंग डाळिंबी. घरात माणसं दोन, आणि त्यांतल्या एकाच्या नखांत बारा महिने काळं ग्रीस. बायकोनं बाटली खिडकीशी धरून पाहिली, हलवून पाहिली आणि नवऱ्याला हाक मारली.

“अहो, माझ्या नेलपॉलिशला कुणी हात लावला?”

“मला काय विचारतेस? मी नखं रंगवतो का?”

“तेच म्हणतेय. तुम्ही रंगवत नाही, मी रंगवत नाही. मग रंगवतंय कोण?”

नवरा पेपरमागे गेला. तो पेपरमागे गेला की काहीतरी लपवतोय, हे सव्वीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना दोनदा थांबणारा हा माणूस कुणा परकीची नखं रंगवत बसत असेल, हे तिच्या मनाला पटेना. पण बाटली अर्धी होती. आणि गेले तीन आठवडे संध्याकाळी ऑफिस सुटलं की तो तास-दीड तास गायब असायचा, हेही खरं होतं.

नवरा एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तिथं त्याला सगळे ‘सीलबंद’ म्हणत. स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूवर त्याची रंगाची खूण असे. पाने, पंप, बादल्या झाल्याच, पण स्वतःच्या खुर्चीचा डावा पाय आणि चहाच्या कपाचं बूडही त्यानं सोडलं नव्हतं. असली माणसं स्वतःला सावध म्हणवून घेतात. साफ खोटं आहे. सावध माणूस कुलूप लावतो आणि झोपतो. हा कुलूप लावायचा आणि मग कुलपावरच संशय घेत बसायचा.

सीलबंदाचा जीव एकाच गोष्टीत होता. ती म्हणजे त्याची तीस वर्षांची फोर-व्हील ड्राइव्ह जीप, घरातली ‘म्हातारी’. डोंगरात, चिखलात, नदीच्या पात्रात चालावी म्हणून बनवलेली. प्रत्यक्षात ती अंगणात उभी राहून तेल गाळायची. एकदा बायकोच्या पायाला ते तेल लागलं, ती सपशेल आडवी झाली, आणि नेमका तेव्हा तिचा भाऊ घरात होता. भावानं नुकतीच नवी कोरी मोठी गाडी घेतली होती. असल्या गाड्या घेणारे निम्मे लोक डबकं दिसलं की वळसा घालून जातात, पण तोंडानं हिमालय चढून आलेले असतात.

“भावजी, द्या की हो ही भंगारात,” मेहुणा म्हणाला होता. “माझ्यात बटण दाबलं की चारही चाकं कामाला लागतात. तुमच्यात दांडा ओढायला दोन माणसं लागतात.”

“बटण दाबणाऱ्याला गाडी चालवणारा म्हणत नाहीत. लिफ्टमन म्हणतात.”

“मग येत्या महिन्यात जुन्या खाणीचा चढ चढून दाखवा!”

कंबर चोळत बसलेली बायको त्या तिरीमिरीत बोलून गेली, “चढली तर राहील. नाही चढली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावणार. दादा, तू साक्षीला.”

झालं. भावासमोर उच्चारलेला शब्द. नवऱ्याला मागे घेता येईना आणि बायकोलाही.

म्हणून म्हातारी मिस्त्रीकडे गेली. गावात त्या मॉडेलची नस ओळखणारा हा एकच माणूस. त्याच्या शेडमागे त्याची स्वतःची तशीच एक जीप विटांवर उभी होती. सीलबंदानं ती पाहिली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या गाडीचे अस्सल भाग काढणार, तिकडे बसवणार आणि मला डुप्लिकेट माल देणार! त्यानं मिस्त्रीला चहा आणायला पाठवलं, खिशातून डाळिंबी बाटली काढली आणि गाडीखाली घुसला. सेल्फ, डायनॅमो, पंप, पाटे, गिअरपेटी, जे हाताला लागलं त्यावर ठिपका. पाठीवर झोपून, डाव्या हातानं, नाकात माती जात असताना लावलेले ते ठिपके. प्रत्येकाला शेपूट फुटलेलं. एकूण एकेचाळीस. डायरीत नोंद.

नंतर रोज संध्याकाळी तो बॅटरी घेऊन ठिपके मोजायला जाऊ लागला.

“साहेब, काही हरवलं का गाडीखाली?” मिस्त्री विचारायचा.

“छे, छे. सहज. तेल गळतंय का बघतोय.”

“तेल इथं गळतंय साहेब, तुम्ही तिकडं बघताय.”

ठिपके रोज एकेचाळीस भरायचे. दुसरा कुणी खूश झाला असता. हा खट्टू व्हायचा. त्यात विटांवरची ती जीप दिवसेंदिवस रोडावत चालली होती. आज बॉनेट उघडं, उद्या सेल्फची जागा रिकामी. सीलबंदानं त्याचाही अर्थ लावला. ‘नाटक करतोय. स्वतःची गाडी उघडीबोडकी ठेवली की गिऱ्हाइकाला दया येते.’

बाटलीचं प्रकरण निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बायको त्याच्या मागावर गेली. हा ऑफिसातून निघाला, ती रिक्षातून निघाली. गॅरेजच्या समोर एका दुकानाच्या पायरीवर ती अर्धा तास बसली. नवरा गाडीखालून बाहेर आला, कपडे झटकले, डायरीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. मग ती आत शिरली. मिस्त्रीशी तिचं बराच वेळ बोलणं झालं. घरी आली तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि नवऱ्याला मात्र एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात सीलबंदाला नवीन धक्का बसला. त्यानं बाटलीच्या लेबलवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती, आणि नेलपॉलिश रेघेच्या खाली गेलं होतं. त्यानं स्वतः तर हात लावला नव्हता! बायकोच्या नखांकडे पाहिलं. कोरी. विचारावं कसं? ‘मी चोरून वापरतो ती बाटली आणखी कोण चोरून वापरतंय?’ असं विचारण्याची सोय नव्हती. जेवताना दोघं एकमेकांच्या बोटांकडे बघत बसायचे.

“काय बघताय?”

“काही नाही. तू काय बघतेस?”

“काही नाही. वाढू?”

त्यात त्याला सुधारणेचा झटका आला. म्हातारीच्या पुढच्या चाकांवर नवीन हब बसवायचे. कुठंसं वाचलं होतं, डोंगरात जाणारे बसवतात. मिस्त्री म्हणाला, “साहेब, आहे ते बरं आहे. आजवर आतला दांडा ओढला की चारही चाकं चालतात. हे हब लावले तर दर वेळी खाली उतरून हातानं फिरवावं लागेल.”

याला चांगली वस्तू माझ्याकडे नको वाटते, असं सीलबंदाच्या मनात आलं. त्यानं स्वतः हब मागवले आणि बसवून घेतले. शनिवारी गाडी ताब्यात देताना मिस्त्रीनं चाकाशी उकिडवं बसून सांगितलं, “ही मधली चकती. फ्रीवर असली की पुढचं चाक नुसतं गडगडतं, गाडीचा जोर त्याला मिळत नाही. चिखलाआधी दोन्ही चकत्या लॉकवर न्यायच्या. आलं ध्यानात?”

“आलं,” सीलबंद म्हणाला. तो सगळा वेळ मिस्त्रीच्या खिशाकडे बघत होता. खिसा फुगला होता. (खिशात तंबाखूची डबी होती. पण ते त्याला कोण सांगणार?)

त्या संध्याकाळी त्यानं शेवटचं एकदा ठिपके मोजले. एकेचाळीस. बॅटरीच्या उजेडात काही ठिपके त्याला फारच देखणे वाटले. आपला हात बसत चालला, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग घरी आणून त्यानं दोन्ही हब बंदोबस्तात घेतले. नळाची गळती बुजवायचा, दोन पुड्यांचा घट्ट होणारा मसाला कालवला, चकतीभोवतीच्या फटीत ठासून भरला, वर बोट फिरवून गुळगुळीत केला. आता चोराचा बाप आला तरी हब निघणार नव्हते.

रविवारी सकाळी खाणीवर चौघं जमले. सीलबंद म्हातारीत. बायको छत्री घेऊन दगडावर. मेहुणा नव्या गाडीला टेकून, काळा चष्मा लावून. आणि मिस्त्री, कारण सीलबंदानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. गुन्हेगार जागेवर असलेला बरा.

चढाच्या पायथ्याशी चिखल होता. सीलबंदानं दांडा ओढला, म्हातारी गुरगुरत आत शिरली आणि मधोमध थांबली. मागची चाकं चिखल उडवत खाली-खाली चालली. पुढची दोन्ही चाकं पाहुण्यासारखी गप्प उभी.

“झालं का गिर्यारोहण?” मेहुणा ओरडला. “काय गं, भंगारवाल्याचा नंबर देऊ?”

बायकोनं छत्री मिटली. तिचा चेहरा उतरला होता, आणि हे बघायला सीलबंदाला वेळ नव्हता. तो गुडघाभर चिखलातून मिस्त्रीकडे चालत आला.

“चोरा! आतलं काय काढलंस माझ्या गाडीचं?”

“साहेब, शब्द सांभाळून. हब लॉकवर घेतले का?”

“हबचं नाव काढू नकोस! त्यांना कुणी हात लावू शकणार नाही, अशी व्यवस्था केलीय मी!”

मिस्त्रीनं चपला काढल्या. मग पँट वर खोचून चिखलात उतरला आणि चाकावर हात फिरवला.

“हे काय लिंपलंय?”

“सील आहे ते.”

“साहेब,” मिस्त्री अगदी हळू आवाजात म्हणाला, “चकती फ्रीवर आहे. आणि तुम्ही ती फ्रीवरच चिणून टाकलीय.”

मेहुणा इतका हसला की चष्मा चिखलात पडला. “सरा बाजूला. मी ओढून काढतो. बघा बटणाची कमाल.” तो ऐटीत नवी गाडी घेऊन आला, चिखलात चार हात शिरला आणि तिथंच बसला. डॅशबोर्डवर नाना रंगांचे दिवे लागले. गाडीतून एक गोड बाई म्हणाली, “कृपया जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधा.” मेहुण्यानं बटण दाबलं. बाई तेच म्हणाली. पुन्हा दाबलं. बाईला कंटाळा येत नव्हता.

“हिला सांग दादा, सेवा केंद्र लांब आहे, तुझे भावजी आहेत जवळ,” बायको दगडावरून म्हणाली.

मिस्त्रीनं छिन्नी-हातोडा काढला. तासभर ठोकाठोक चालली. सीलबंदाचं काम चोख होतं, एवढं मानावंच लागेल. आपलंच सील फुटताना तो असा उभा होता, जणू त्याचाच दात काढताहेत. शेवटी मसाला निघाला, दोन्ही चकत्या लॉककडे फिरल्या, आणि मिस्त्री म्हणाला, “घ्या दांडा. हळू. रेस देऊ नका.”

म्हातारी थरथरली. पुढची चाकं आळस दिल्यासारखी फिरली, मातीला भिडली, आणि ती चिखलातून बाहेर आली, चढाला लागली, धूर ओकत, कण्हत, कुठंही न थांबता वर गेली. वरून तिनं दोर सोडला आणि मेहुण्याची गाडीही ओढून काढली. आतली बाई अजून सेवा केंद्राचंच सांगत होती.

आता माणसानं पेढे नाही तर निदान माफी वाटावी. सीलबंदानं बॉनेट उघडलं आणि डायरी काढली. लख्ख उन्हात तो ठिपके मोजू लागला. सेल्फपाशी त्याचं बोट अडलं.

“हा ठिपका माझा नाही.”

तो आणखी खाली वाकला.

“माझ्या ठिपक्याला शेपूट असतं. हा गोल आहे. हा पण. पंपावरचा पण!” तो मिस्त्रीकडे वळला. “किती बदलले? खरं बोल!”

“सात,” मिस्त्री म्हणाला. “तुमचे भाग गेलेच होते साहेब. सांगितलं असतं तर म्हणाला असता, चांगले होते, तूच बिघडवले. मग माझ्या गाडीचे काढून बसवले. तुमचे सातही पोत्यात आहेत, तुमच्या ठिपक्यांसकट. घेऊन जा.”

“तुझे? का?”

मिस्त्रीनं चिखलाचे हात पँटला पुसले. “माझी जीप आता चालायची नाही. ही पण भंगारात गेली, तर मला येतं ते काम गावात उरतच नाही. नव्या गाड्यांना मी नाही, ती बाई लागते.”

“आणि ठिपके? हा रंग तुला कुठं मिळाला?”

बायकोनं पर्स उघडून बाटली काढली. “मी लावले, यांनी ते भाग तुमच्या गाडीत बसवायच्या आधी. तुमचं बघून मला राहवेना. नखावर लावायचा रंग असा फासतात का?”

“पण तूच तर भंगारवाला बोलावणार होतीस!”

“बोलून गेले होते. मग विचार केला, ही गाडी गेली तर तुम्ही संध्याकाळी कुठं जाणार? घरी बसून माझे डबे मोजणार.”

सीलबंद बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याला लाज वाटत असेल, डोळ्यांत पाणी येत असेल, असं मिस्त्रीला वाटलं. हळूहळू त्याचा चेहरा फुलला. महिनाभरात पहिल्यांदा.

“म्हणजे बदलले होते!” तो ओरडला. “सात! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की नाही? मी काय वेडा होतो का?”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “वहिनी, बाटलीत उरलंय का थोडं? साहेबांवरही एक ठिपका मारून ठेवा. उद्या कुणी बदलून दिले तर कळायला नको?”

बायकोनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती पर्समध्ये टाकली.

“कशाला?” ती म्हणाली. “कुणी बदलून देत असेल, तर मी खूण करून आडवी का येऊ?”