सबनीस काकांची दुसरी खुर्ची

नॉटिंगहॅममध्ये, एप्रिलच्या गारठ्यात, माकडटोपी घालून घराबाहेरच्या पेव्हमेंटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, सबनीस काका. बरं, बसायचं तर एकट्याने बसावं ना? छे. शेजारी तशीच दुसरी खुर्ची, रिकामी. रोज संध्याकाळी सहाला दोन खुर्च्या बाहेर, सातला दोन खुर्च्या आत.

आमच्या रस्त्यावर लाल विटांची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. दार उघडलं की एक पायरी, पायरी उतरली की थेट पेव्हमेंट. तिथे कोणी बसत नाही. कुलूप लावताना, किल्ली शोधताना माणूस जेवढा थांबेल तेवढाच. त्यामुळे पहिल्या आठवड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने काकांना एकच प्रश्न विचारला, "लॉक्ड आउट झालात का?" पोस्टमनने विचारलं, शाळेतून मुलं आणणाऱ्या बायांनी विचारलं, एका भल्या माणसाने तर लॉकस्मिथचा नंबर द्यायची तयारी दाखवली.

काका सगळ्यांना मान हलवून सांगायचे, "नो, नो. सिटिंग."

मी ऑफिसातून बसने येऊन दारात पोचायची तेव्हा हा प्रयोग ऐन रंगात असायचा. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"काका, हे काय चाललंय?"

"पद्धत आहे."

"कुठली पद्धत? कुणाची?"

"स्पेनची," काका म्हणाले आणि माकडटोपी कानावर नीट ओढून बसले.

मी तिथल्या तिथे बसायचीच बाकी राहिले. कारण स्पेनला जेवढ्या शिव्या या माणसाने घातल्या असतील, तेवढ्या कोणी घातल्या नसतील.

त्याचं असं आहे. काका तीस वर्षं सायकलच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. चाक फिरवून नुसत्या नजरेने सांगायचे, तारेत खोट आहे की नाही. रिटायर झाल्यावर चाकं संपली, नजर तशीच राहिली. मग ती घरातल्या चहावर, शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिन्सवर आणि माझ्या स्वयंपाकावर पडायला लागली. मी या घरात नवीन आले तेव्हा मोठ्या हौसेने काका-काकूंना मेथीचे पराठे नेऊन दिले होते. तासाभराने दारावर टकटक. काका उभे. हातात बशी, बशीत मेथीचा एक देठ.

"हे तुझं राहिलं," म्हणाले.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! पुढच्या शनिवारी स्वतः दोन जुड्या घेऊन आले आणि मला, म्हणजे नागपूरच्या भर बाजारात वाढलेल्या मुलीला, मेथी निवडायला शिकवली. पान वेगळं, शेंड्याची कोवळी काडी चालेल, देठ अजिबात नाही. काय तो संताप आला होता मला! पण माणसाने अर्ध्या तासात दोन जुड्या अशा निवडल्या की एक देठ शोधून सापडला नसता.

काकू याच्या बरोब्बर उलट. बत्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स, शेवटी वॉर्ड सिस्टर. हसऱ्या, मोकळ्या. रिटायर झाल्या त्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं, "आता मला ऊन हवं." आणि खरंच स्पेनमध्ये, समुद्रापासून आत एका गावात, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सहा महिने तिथे, सहा महिने इथे. अशी पाच वर्षं.

दर वर्षी परत आले की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला काकांचं स्पेन-पुराण सुरू. प्रसादाच्या रांगेत पुढे-मागे जो सापडेल त्याला. "दुपारी दोन वाजता अख्खं गाव झोपतं. ही काय पद्धत झाली? रात्री साडेनऊला जेवतात. ही काय पद्धत झाली? चहा मागितला तर कोमट पाणी आणि शेजारी पिशवी. आपणच बुडवायची!" काकू मागे उभ्या राहून हसत असायच्या. मग मला बाजूला घेऊन त्यांचा स्पेन सांगायच्या.

त्यांचा स्पेन म्हणजे संध्याकाळ. ऊन उतरलं की गल्लीतल्या म्हाताऱ्या आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसायच्या. काकूंना स्पॅनिश येत नव्हतं, त्या म्हाताऱ्यांना दुसरं काही येत नव्हतं. पण एकीच्या ओटीत शेंगा असायच्या, दुसरीच्या लसूण. काकूंनी कुंड्यांमध्ये मेथी पेरली होती, ती आणायच्या. मग सगळ्यांनी मिळून सगळ्यांचं निवडायचं. "अश्विनी, दोन तास कसे जायचे कळायचं नाही गं," काकू सांगायच्या. "बोलायला शब्द नाहीत आणि तोंड एक मिनिट बंद नाही."

गेल्या डिसेंबरात काकूंना स्ट्रोक आला. उजवी बाजू. जिथे नोकरी केली त्याच हॉस्पिटलात महिनाभर होत्या. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालायलाही लागल्या. उजव्या हाताची बोटं मात्र नीट मिटेनात, आणि ओठाचा एक कोपरा किंचित खाली राहिला. किंचितच. मला तर सांगितल्याशिवाय दिसला नसता. विमान, प्रवास, सगळं बंद झालं. फ्लॅट विकला.

घरी आल्यापासून काकू पुढच्या खोलीत खिडकीशी बसायच्या, जाळीच्या पडद्याआड. बाहेर येईनात. मंडळात नाही, दुकानात नाही, समोरच्या पॅटकडेसुद्धा नाही. पॅट म्हणजे त्यांची वीस वर्षांची मैत्रीण. मी एकदा फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी लोकांची तोंडं पुसली. आता माझं तोंड कुणी बघायला नको." फिजिओने बोटांसाठी रबरी चेंडू दिला होता, तो तसाच खिडकीत पडलेला.

आणि त्या खिडकीच्या बरोब्बर खाली काकांनी दोन खुर्च्या मांडायला सुरुवात केली. बसण्याआधी काचेवर बोटाने टकटक करायचे. "अगं, ये ना बाहेर." पडदा हलायचा नाही. मग तासभर एकटे बसायचे, सातला दोन्ही खुर्च्या उचलून आत.

एका संध्याकाळी बोचरा वारा सुटला होता. मी चिडलेच. "काका, न्यूमोनिया होईल. तुम्हाला काही झालं तर काकूंचं कोण बघेल? आणि तुम्हाला स्पेन आवडतच नव्हता ना?"

"नव्हताच," काका म्हणाले. "काय आवडायचंय त्यात?"

मग त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची थोडी जवळ ओढली.

"तिथे ती बाहेर असायची आणि मी आत. पंखा लावून जुने दिवाळी अंक वाचत. रोज हाक मारायची हो. अहो, या ना बाहेर. पाच वर्षं! मी म्हणायचो, रस्त्यावर काय बसायचं? ही काय पद्धत झाली? एकदाही गेलो नाही, अश्विनी. एकदाही नाही."

मी माझा मफलर काढून त्यांना दिला आणि घरात गेले.

मे महिन्यात एक प्रकार घडला. काका चहा आणायला आत गेले आणि परत येऊन बघतात तर दुसरी खुर्ची गायब! चूक चोराचीही नव्हती म्हणा. इथे नको असलेली वस्तू लोक पेव्हमेंटवर ठेवतात आणि ज्याला हवी तो उचलून नेतो. रिकामी खुर्ची, रस्त्यावर, मालक नाही. काका कप हातात धरून गोल गोल फिरताहेत. तेवढ्यात खिडकीची सरकती काच खाडकन वर गेली.

"अहो, तो बासष्ट नंबरवाला घेऊन गेला! निळ्या जर्किनवाला!"

बासष्ट नंबरमध्ये एक पोलिश तरुण राहायचा. बिचारा लाल होऊन सॉरी सॉरी म्हणत खुर्ची परत घेऊन आला, वर काकडीच्या लोणच्याची बाटली दिली. काकांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "ती बघत असते. ऐकलंस ना? सगळं बघत असते!" हरवलेली वस्तू सापडल्यावर कोणी एवढं खूश होत नाही, जेवढे काका हरवल्यावर झाले होते.

दुसऱ्याच दिवशी काका मेथी घेऊन बाहेर आले. पंजाबी दुकानातल्या दोन जुड्या, चाळणी, खाली पसरायला फुकटचा लोकल पेपर. छान ऊन होतं. मी बसमधून उतरून येते आणि बघते तर काय, काका देठ चाळणीत टाकताहेत आणि पानं पेपरवर! मुळं चाळणीत. जुडीचा रबरबँडसुद्धा चाळणीत. म्हटलं, आता यांनाही काही झालं की काय.

आतून काचेवर टकटक झाली. काकांनी मान वर केली नाही. पुन्हा टकटक, जोरात. मग खिडकी वर गेली.

"अहो! देठ! देठ घालताय तुम्ही!"

"असू दे गं. चालतं."

"चालतं? चालतं काय! ही काय पद्धत झाली?"

खिडकी बंद. काकांनी माझ्याकडे बघितलं. आतून काठीचा आवाज आला, थांबला, परत आला. मग दार उघडलं आणि साडीवर कार्डिगन, पायात स्लिपर अशा काकू पायरीवर उभ्या राहिल्या. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

मी हात द्यायला पुढे झाले तर काकांनी डोळ्यांनीच दटावलं. काकू एकट्या उतरल्या. दुसऱ्या खुर्चीत बसल्या. काकांनी चाळणी मध्ये सरकवली.

नेमकी तेव्हाच समोरून पॅट कुत्र्याला घेऊन बाहेर पडली. काकूंनी झटकन पदर तोंडाशी नेला. पॅट रस्ता ओलांडून आली, एकदा काकूंकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ऑल राइट, मी डक?" नॉटिंगहॅमच्या बोलीत म्हणजे, बरी आहेस ना गं बाई? "आता काय करताय ते दाखव." तिच्या कुत्र्याने तोवर अर्धी जुडी हुंगून टाकली होती. काकू त्याला हाकलता हाकलता पदर धरायचं विसरून गेल्या.

तेव्हापासून रोज. शेपू, गवार, मटार, काय मिळेल ते. पण बहुतेक मेथीच. आणि रोज काकूंचा तोच आरडाओरडा, "अहो, देठ! तीस वर्षं त्या कारखान्यात काय तपासलंत हो?" आमचा सगळा रस्ता ऐकायचा. काका मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणायचे.

जुलैतल्या एका गुरुवारी काकूंनी मला डबा पाठवला, मेथीची भाजी. माझा नवरा बेसिंगस्टोकला नोकरीला, शुक्रवारीच घरी येणार, म्हणून मी एकटीच जेवायला बसले. पहिल्या घासात देठ. दुसऱ्या घासात देठ. तिसऱ्यात चक्क मूळ. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सहा वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी. एक लांबलचक देठ निवडून बशीत ठेवला आणि तशीच शेजारी गेले.

काकांनी दार उघडलं. मी बशी पुढे केली. "हे तुमचं राहिलं."

वाटलं होतं, चिडतील. त्यांनी मागे वळून बघितलं. आत काकू काहीतरी गुणगुणत भांडी लावत होत्या. काका पायरीवर आले आणि दार हळूच ओढून घेतलं.

"तिची बोटं अजून नीट मिटत नाहीत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तिच्याकडून देठ जातात. बत्तीस वर्षं इंजेक्शनं दिली त्या हाताने, स्वतःचे देठ दिसले तर परत आत जाऊन बसेल. म्हणून मी घालतो. तिच्यापेक्षा जास्त. मग चाळणीत कुठला कुणाचा, कळत नाही."

"रोज?"

"रोज. मोजून." काकांची नजर एकदम इन्स्पेक्टरची झाली. "पहिल्या दिवशी तिचे चाळीस होते. मागच्या गुरुवारी एकोणीस. आज अकरा." आणि मग हसले. "अकरा, अश्विनी!"

त्यांनी बशीतला देठ उचलला, उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "हा माझा आहे." शर्टाच्या खिशात टाकला आणि आत गेले.

मी घरी येऊन उरलेली सगळी भाजी खाल्ली. देठ, मूळ, सगळं. डोळ्यांत पाणी येत होतं ते पुसत पुसत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझी किचनमधली खुर्ची उचलून बाहेर नेली आणि त्या दोघांच्या शेजारी मांडली. एक जुडी ओढली. निवडायला लागले आणि मधूनमधून एक-एक देठ चाळणीत सोडायला लागले.

काकूंच्या नजरेतून काय सुटणार? "अगं अश्विनी! तूसुद्धा? तुला मेथी निवडायला शिकवली तरी कुणी?"

"काकांनी," मी म्हटलं.

काकूंनी काकांकडे असं बघितलं की विचारू नका. काकांनी हातातली काडी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली.

"शिकवायची पद्धत चुकली," ते म्हणाले.